खळ्यातला लोहचुंबक

शहात्तर सालची गोष्ट. पुण्याला कॉलेजातल्या सरांनी मला तोंडावर सांगितलं, "कॉम्प्युटरवर बसायची पाळी फक्त मुलांना. तुझं काय अंजना, उद्या लग्न होईल." माझं डोकंच फिरलं. उन्हाळ्यात गावी विंझरला घरी आले, तर माझे वडील, आबाही तेच घेऊन बसलेले. "यंत्र मिळत न्हाई, मग एम.एस्सी. कशानं करणार? रविवारी पाव्हणं यायचेत बघायला. आता पुणं बास."

"यंत्र गेलं खड्ड्यात! मी हितंच करते."

लोहचुंबक तापवला की त्याचं चुंबकपण जातं. ते कसं जातं, हेच मला मांडून बघायचं होतं. भाताचं खळं रिकामं होतं. मी ते सारवलं, चौकटी आखल्या आणि प्रत्येकीत फोडलेला चिंचोका ठेवला. काळी बाजू वर, नाहीतर पांढरी. एकेक चिंचोका म्हणजे इवलासा चुंबक. सगळे एका रंगाचे, तर चुंबक शाबूत; मिसळले, तर चुंबकपण गेलं. प्रत्येक चिंचोक्यासाठी आधी कवड्या टाकायच्या. सगळ्या पालथ्या पडल्या, तर त्यानं चार शेजाऱ्यांच्या उलट व्हायचं. नाहीतर त्यांतले जास्त जसे असतील तसं. उष्णता वाढवायची असली की कवड्या कमी करायच्या, म्हणजे सगळ्या पालथ्या जास्त वेळा पडतात.

चिंचा फोडत बसलेली भामाकाकी म्हणाली, "अगं बया, शेजारी करतील तसंच करायचं, ह्ये तर आपलं गावच की!" आणि कवड्या घेऊन बसलीच.

रविवारी पाहुणे आले. मुलाचा मामा पायताणासकट थेट खळ्यात शिरला. चिंचोके विस्कटले. "लग्नाची पोरगी आन् चिंचोके खेळती व्हय?"

"खेळत न्हाई. भाईर व्हा," मी म्हटलं.

मामा आबांकडं बघून हसला. "गेनबा, पोरीला लई तोंड हाय."

मी जागची हलले नाही. आबा मामाच्या पायांकडं बघत होते. आमच्याकडं खळ्यात कोणी चपला घालून जात नाही, मग पीक असो नाहीतर नसो.

"पाव्हणं, खळ्यात पायताण?"

"अवो, रिकामंच तर हाय!"

"रिकामं कुठलं? माझ्या पोरीचं काम चाललंय तितं. व्हा भाईर!"

पाहुणे चहा न घेताच तणतणत गेले. लगेच भावकीतले चौघे आले. परत बोलवा, माफी मागा, पोरीला आवरा. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"पोरगी पुण्याला जाणार," ते म्हणाले. "त्या सरास्नी म्या सोता इचारतो, यंत्राची पाळी हिला का न्हाई ते."

"तुमी नका, आबा," मी म्हटलं. "मीच विचारते."