दाराआडच्या काठ्या

मी तंबू बोलतोय. बरीच वर्षं मी अर्धाच तंबू होतो. कापड एका घरात आणि काठ्या दुसऱ्या घरात, असा माझा संसार. काठ्या म्हणजे माझी हाडं. हाडांवाचून माणूस उभा राहत नाही, तिथे माझी काय कथा.

माझा जन्म एका शिवणखान्यातला. शिवणाऱ्या बाईंनी मला नळाखाली धरलं, "गळत नाही" म्हणाल्या आणि बाजूला टाकलं. जन्माचं कौतुक एवढंच. मग दोन भावांनी मिळून मला घेतलं.

डोंगरात पाच-सहा दिवस जायचं, म्हणजे सामान भरणं हाच मोठा सोहळा. थोरल्याच्या बाहेरच्या खोलीत चादर अंथरायची आणि सगळं तिच्यावर मांडायचं. झोपायची पिशवी तळाला, जड वस्तू पाठीलगत, रेनकोट सगळ्यात वर, मोजे मगात कोंबलेले. थोरला वजनाच्या बाबतीत इतका चिकट की टूथब्रशची दांडीही अर्धी कापायचा.

"दादा, मिशीपण काढून टाक. तेवढंच ओझं कमी," धाकटा म्हणायचा.

माझी वाटणी मात्र ठरलेली. कापड जड, ते थोरल्याच्या सॅकमध्ये. काठ्या हलक्या, त्या धाकट्याकडे. रात्री दोघे माझ्या पोटात शिरायचे, थोरला डावीकडे, धाकटा उजवीकडे, आणि घोरण्यावरून एकमेकांना ढोसायचे. माझ्या सुखाचे दिवस ते.

पुढे थोरल्याचा गुडघा कुरकुरू लागला. डॉक्टर म्हणाले, "एवढं एकदा जाऊन या, मग डोंगर विसरा." त्याला एक उंच खिंड ओलांडायची होती. दरवेळी काही ना काही होऊन ती राहून जायची.

निघायच्या सकाळी थोरला आंघोळीला गेला, तेव्हा धाकट्याने मला गुपचूप त्याच्या सॅकमधून काढून आपल्या सॅकमध्ये भरलं आणि काठ्या थोरल्याच्या सामानाशेजारी ठेवल्या. विचारायची सोय नव्हती. थोरला नाकावर माशी बसू न देणारा. इकडे थोरल्याने काठ्या पाहिल्या, धाकट्याच्या आहेत, नेईल तो, असं म्हणत पायात येऊ नयेत म्हणून दाराआड उभ्या केल्या. सॅक हलकी लागली तेव्हा आज भरली छान, म्हणून स्वतःवरच खूश झाला. मी सगळं पाहत होतो. पण तंबूला कोण विचारतो?

खिंडीखालच्या मुक्कामावर बोचरा वारा सुटला होता. धाकट्याने मला बाहेर काढलं.

"दादा, काठ्या दे."

"माझ्याकडे कुठल्या? आणि कापड तुझ्याकडे कसं?"

धाकटा म्हणाला, "मी बदलाबदल केली होती."

"कुणाला विचारून?"

गुडघ्याचं नाव काढलं तर दादाला लागेल, म्हणून त्याने मिठाची गुळणी धरली. रात्रभर दोघे मला अंगाभोवती लपेटून कुडकुडत बसले. सकाळी थोरल्याचा गुडघा वाकेना. खिंड समोर दिसत होती आणि तिथून परत फिरावं लागलं.

"माझी खिंड घालवलीस तू," थोरला म्हणाला.

त्यानंतर दोघांचं बोलणं संपलं. मी धाकट्याच्या माळ्यावर पडलो. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. वर्षं गेली. एक दिवस थोरलाही गेला.

महिन्याभराने वहिनींचा फोन आला. "भाऊजी, खोली आवरतेय. काठ्या घेऊन जा." काठ्या अजून बसतात का पाहावं, म्हणून धाकट्याने मला बरोबर घेतलं.

काठ्या दाराआडच उभ्या होत्या.

"हे मला काठ्यांना हात लावू द्यायचे नाहीत," वहिनी म्हणाल्या. "सॅक हलकी का लागली ते यांना मागाहून उमगलं. म्हणायचे, माझं ओझं कमी करायला गेला आणि मी त्यालाच बोललो. येईल तो न्यायला."

"मग दादाने फोन का नाही केला?"

"तुम्ही का नाही केलात?"

धाकट्याने काठ्या जोडल्या, माझ्यात ओवल्या आणि त्याच बाहेरच्या खोलीत मला उभं केलं. मग आत शिरून गुडघे पोटाशी घेऊन पडला आणि खूप रडला.

माणसांनो, दुसऱ्याचं ओझं असं गुपचूप आपल्या सॅकमध्ये सरकवू नका. बोला. दाराआडच्या वस्तू वाट पाहू शकतात, माणसांना तेवढा वेळ नसतो.

आज मी पुरता उभा आहे. धाकटा उजवीकडेच झोपलाय, अंग चोरून. डावीकडची जागा त्याने मोकळी ठेवली आहे.