रागिणीची आई

भावनाताई न कळवता आल्या. अकोल्याला कुणाच्या तरी तेरवीला आल्या होत्या, तिथून बार्शीटाकळी जवळच, तेव्हा होणाऱ्या सुनेचं घर पाहून जावं असं त्यांच्या मनात आलं. सुभद्रा अंगणात बाजेवर कुरड्या वाळत घालत होती. हात पुसत ती पुढे झाली, तर भावनाताईंनी तिचे दोन्ही हात धरले आणि लहान लेकराशी बोलावं तसं सावकाश, मोठ्यानं विचारलं, "बसा हं. घाबरू नका. मी कोण, ओळखलं का?"

सुभद्राला हसू आलं. "कुलदीपची आई. फोटोत पाह्यलं ना मी तुमाले."

भावनाताईंनी कौतुकानं सुभद्राच्या नवऱ्याकडे, खुशालरावांकडे पाहिलं. "आज बऱ्याच शुद्धीवर दिसतात. औषधं चालू आहेत ना?"

खुशालराव स्वतःच्या चपलांकडे पाहत राहिले.

"साखरपुड्याला आणलं असतं तरी आम्ही काही मनात धरलं नसतं," भावनाताई म्हणाल्या. "तरणाताठा मुलगा गेल्यावर कोणाचंही डोकं फिरेल. रागिणीनं काही लपवलं नाही हो. आई तासन्‌तास डोळे मिटून बसते, एकटीच पुटपुटते, मुलाच्या वर्षश्राद्धालासुद्धा रडली नाही, सगळं सांगितलं बिचारीनं."

सुभद्राला उलगडायला थोडा वेळ लागला. साखरपुड्याच्या दिवशी खुशालराव म्हणाले होते, गाय आजउद्या व्याची आहे, घरी कोणीतरी पाहिजे. ती खुशीनं मागं राहिली होती. गाय पुढं कितीतरी दिवसांनी व्याली, तेव्हाही तिला काही वाटलं नव्हतं.

आता ओरडून सांगावं तर वेडी ठरणार, गप्प बसावं तरी वेडीच. ती चहा ठेवायला आत गेली.

थोरला श्याम मोटारसायकलच्या अपघातात गेला, तेव्हा अकोल्याच्या दवाखान्यात वॉर्डात झाडलोट करणारी मैनाबाई रात्रंदिवस तिच्याजवळ बसली होती. उपदेश नाही की काही नाही. सुभद्राचा हात धरून ती हळू आवाजात येशूशी बोलायची, जसं घरातल्या माणसाशी बोलावं. पुढं सुभद्रा दर रविवारी जुन्या शहरात, एका घराच्या माडीवर भरणाऱ्या प्रार्थनेला जाऊ लागली. रडू येतच होतं, पण त्या रडण्यात आता ती बुडत नव्हती. गावात कुजबुज झाली, तेव्हा खुशालरावच म्हणाले होते, "तुले बरं वाटून राह्यलं ना, मंग जा. लोकाईचं मी पाहून घेतो."

भावनाताई गेल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं, "हे वेडीचं पयले कोनं काढलं?"

"रागिणीनंच काढलं. मी नाई म्हनलं नाई."

"तुमी होते तिथं?"

"होतो." खुशालराव खाली बसले. "तू प्रार्थनेले जाते हे समजलं असतं तं सोयरीक जमली नसती, सुभद्रा. डोक्याचं म्हनलं तं लोक दया करतेत."

दुसरं कोणीही हे म्हणालं असतं तर तिनं ऐकून सोडून दिलं असतं. त्या संध्याकाळी ती नेहमीसारखी डोळे मिटून बसली, पण मन काही थाऱ्यावर येईना. एका ताटात जेवणाऱ्यानं येशूला पकडून दिलं, हे तिनं माडीवर किती वेळा ऐकलं होतं. ऐकताना वाईट वाटायचं, पण ते दुसऱ्याचं दुःख होतं. "तुले कसं जमलं गा हे सोसनं?" तिनं येशूला विचारलं. ती तशीच उठली आणि भाकरी टाकल्या.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं अमरावतीला गेली. रागिणी एका खाजगी लॅबमध्ये कामाला होती. दारात आईला पाहून ती चपापली.

"आई, तू? एकटीच आली?"

"वेडीले एसटीत बसू देतेत."

रागिणीचा चेहरा उतरला. ती आईला मागच्या आवारात निंबाखाली घेऊन गेली. बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, मग एकदम बोलू लागली.

"दादा गेला तवा मी शिकून राह्यली होती. मले वाटे, तू माह्या गळ्यात पडून रडशीन. तू मैनाबाईजवळ जाय, डोळे मिटून शांत बसे. त्या शांतपनाचा मले राग ये आई. भाऊ गेला आन मायबी गेली, असं झालतं माहं. मी काई खोटं नाई सांगतलं. मले तसंच वाटे."

हे सुभद्राला ठाऊक नव्हतं. ते तिला लागलं, कारण त्यात खरं होतं. आपण तरलो, पण पोरगी काठावर एकटीच उभी होती, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"हे मले सांगाचं होतं, बाई," ती म्हणाली. "मी ऐकलं असतं. त्याहिले काहून सांगतलं?"

रागिणीनं ओढणीचं टोक सोडलं आणि पुन्हा गुंडाळलं.

"माहं चुकलं, ते मी मानतो. पन मी वेडी नाई आन वेडी होनार नाई. तू सांग त्याहिले खरं. नाईतं मी सांगीन."

"लग्न मोडलं तं?"

"मोडू नये म्हनून रोज येशूजवळ मागीन. पन सांगीन."

रागिणीनं सांगितलं नाही. आठवडा वाट पाहून सुभद्रानंच भावनाताईंना फोन लावला आणि आवाज न चढवता सगळं सांगितलं.

"ताई," भावनाताई म्हणाल्या, "डोक्याचं आम्ही समजून घेतलं होतं. हे मी आमच्या लोकांना कसं सांगू?"

लग्न मोडलं नाही. पत्रिका वाटून झाल्या होत्या, कुलदीपही हटून बसला होता. फक्त नातेवाइकांत जे सांगितलंय तेच राहू द्यायचं, असं ठरलं. खुशालरावांनी बायकोला न विचारता त्याला होकार दिला.

अमरावतीच्या मंगल कार्यालयात आईबापाच्या जागी सुभद्राची नणंद चंदा आणि तिचा नवरा कन्यादानाला बसले. सुभद्रा हिरवं पातळ नेसून पहिल्या रांगेत बसली. मुलाकडच्या बायका येत, वाकून सावकाश विचारत, "जेवल्या का? बरं वाटते का?"

"मी रागिणीची आई, सुभद्रा," ती प्रत्येकीला एकाच सुरात सांगे. "माहं डोकं ठिकानावर आहे. तुमी जेवन करून जाजा." काही जणी गोंधळून सरकत. एक म्हातारी मात्र शेजारच्या खुर्चीत बसली आणि स्वतःच्या गुडघ्यांचं रडगाणं सांगत राहिली. भावनाताई लांबून पाहत होत्या. त्या जवळ आल्या नाहीत.

पाठवणीच्या वेळी रागिणी चंदाच्या गळ्यात पडून रडली. मग आईपुढे वाकली आणि नजर न उचलता उठली. सुभद्रानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. राग होता, घरच्यांनीच दगा दिल्याचं दुःख काळजात रुतून होतं, तरी हात स्थिर होता. हे बळ आपलं नाही, एवढं तिला कळलं.

ऊन कलताना जीप परत निघाली. खुशालरावांनी बाहेर पाहत विचारलं,

"रागावली काय?"

"हो."

"मंग बोलून टाक ना एकदाचं."

"बोलली ना आता. हो म्हनलं."

सुभद्रानं डोळे मिटले. तिला रागिणीसाठी मागायचं होतं. बडनेरा मागं पडलं तरी लेकीचं नाव ओठावर येईना. तिनं जबरदस्ती केली नाही, नुसती बसून राहिली. मूर्तिजापूरच्या अलीकडे ते नाव आलं, आणि मग तिनं लेकीसाठी जे मागायचं ते सगळं मागितलं.

खुशालरावांचं नाव मात्र त्या दिवशी आलं नाही.