पायाला काही लावून येऊ नका

पायाच्या दवाखान्यातल्या मुलीने फोनवर मोजून तीन गोष्टी सांगितल्या होत्या. रोज वापरता तेच बूट घालून या, चालू असलेल्या गोळ्या बरोबर आणा आणि पायाला काही लावून येऊ नका. मी तिन्ही गोष्टी माझ्या थोरल्या जावेला, दहबियाला, मोठ्याने ऐकवल्या. तिने मान हलवली. ठरल्या दिवशी ती माझ्या दारात आली, तर दोन्ही तळव्यांना ताजी मेंदी. गडद, जवळजवळ काळीच.

"अगं, काही लावू नका म्हणाली होती ना ती?"

"मेंदी म्हणजे काय लावणं झालं होय? तेल, मलम, त्याला लावणं म्हणतात. डॉक्टरणीसमोर काय नागडे पाय घेऊन जाऊ?"

आमच्या गाबेस गावात यावर कोणाशी वाद घालता येत नाही. इथे बाईचे तळवे कोरे दिसले की लोक हळूच विचारतात, घरात कोण गेलं? आणि टाच भेगाळली तर औषध मेंदीच, जखम झाली तरी मेंदीच. दहबियाच्या उजव्या अंगठ्याखाली जाड घट्टा पडला होता आणि त्यातून पाणी येत होतं. तिने कोणाला सांगितलं नव्हतं. तिचे मोजे वाळत घालताना मला डाग दिसला, म्हणून कळलं.

तिला साखरेचा आजार आहे, फार वर्षांचा. आमच्या गल्लीतल्या अम्मारलाही होता. त्याचं आधी बोट गेलं, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा सगळा पाय. तेव्हापासून दहबियाचं एकच म्हणणं, पायाच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे आपणहून सुरीखाली पाय ठेवायचा. त्यात नात सुंदुसचं लग्न तोंडावर आलेलं. सरकारी दवाखान्यात तारीख मिळेपर्यंत लग्न उरकलं असतं, म्हणून तिच्या मुलाने हा खाजगी दवाखाना शोधला, औषधांच्या दुकानाच्या वर.

बसायच्या खोलीत आमच्याशिवाय एक फुटबॉल खेळणारा पोरगा होता, नख मांसात घुसलेला. तरी दार वाजलं की दहबिया उठायची.

"चल नजीहा. गर्दी आहे. उद्या येऊ."

"गर्दी? एक पोरगा आहे."

"त्याचं बघू दे निवांत. तरुण आहे बिचारा."

मी भिंतीवरचा कागद वाचत बसले. नातवंडं शाळेत जायला लागल्यावर मी अक्षरं शिकले, त्यामुळे लिहिलेलं काही समोर आलं की सोडवत नाही. कागदावर पायाच्या हाडांचं चित्र होतं. तिनेही ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. मग एकसारखं चाललं, ओढणी नीट कर, पिशवी उघड, पिशवी बंद कर.

डॉक्टर रीम म्हणजे तिशीची, सडपातळ मुलगी. न्हाव्याकडे असते तशी खुर्ची होती. तिने ती मागे कलती केली आणि स्वतः खाली बुटक्या स्टुलावर बसली. दहबियाचा तळवा अगदी तिच्या तोंडासमोर आला. दहबियाने पाय ओढून घेतला.

"अगं पोरी, बाजूला बस. तळवा कोणाच्या तोंडावर धरतात का?"

"माझं कामच ते आहे मावशी. धरा निर्धास्त." मग तिने पाय पाहिले. "मेंदी कधी लावलीत?"

"तुमच्यासाठीच लावली, काल!" दहबिया कौतुकाने म्हणाली.

डॉक्टरणीने हसू आवरलं की राग, मला समजलं नाही. तिने एक ताठ धागा घेतला, मासे धरायच्या दोरीसारखा. "डोळे मिटा. मी टोचलं, असं वाटलं की हो म्हणा."

"हो," दहबिया म्हणाली.

"अजून टोचलं नाही मावशी."

मग सुरू झालं. टाचेला धागा, "हो." बोटांना, "हो." मी बघत होते. डॉक्टरणीने हात मांडीवर ठेवला होता तरी "हो." पुन्हा "हो." इतक्या झटपट, की जणू परीक्षेत पास झालं नाही तर पाय तिथेच काढून घेणार. मला बोलावं की नको, कळेना. जावेला परक्यासमोर खोटं पाडणं आमच्यात बसत नाही.

डॉक्टर रीमने धागा बाजूला ठेवला. तिने खालचा उजवा बूट उचलला आणि आत हात घातला. बोटं पुढपर्यंत चाचपत गेली, थांबली, आणि तिने बाहेर काढली ती खजुराची बी. पुढचं टोक झिजून गुळगुळीत झालेलं.

"आत्ता हाच बूट घालून जिना चढलात ना?"

दहबियाने डोळे उघडले. बी बघितली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"मला... लागलं नाही," ती म्हणाली. दिवसभरातलं तिचं ते पहिलं खरं वाक्य.

"हेच मला कळायला हवं होतं."

मग घट्टा सोलायचं काम. पातं दिसताच दहबियाने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली.

"कापतेय ही, नजीहा!"

"कापत नाही मावशी, सोलतेय. बटाटा सोलल्यासारखं. दुखतंय का?"

"नाही. तेच तर वाईट ना?"

"तेच."

मेंदी चढलेल्या जाड कातडीचे पापुद्रे निघाले आणि खाली भोक दिसलं, वाटाण्याएवढं. कडेला रक्ताचा थेंब आला. मी देवाचं नाव घेतलं. डॉक्टर म्हणाली, "रक्त येतंय ते बरंय." ती अंगठा दाबायची, सोडायची, दिवा जवळ ओढायची, पुन्हा दाबायची. "मला कातडीचा रंग बघायचाय. दाबून सोडल्यावर लाली परत येते की काळी पडतेय. तुम्ही सगळीच लाल-काळी करून ठेवलीय."

शेवटी तिने थंड चिकट काहीतरी लावून पेनासारखी नळी घोट्यावर टेकवली. डाव्या पायातून आवाज आला, जोराचा, झावळ्यांतून वारा सुटावा तसा. दर ठोक्याला एक झुळूक. "हे तुमचं रक्त." मग उजवा पाय. काही नाही. नळी सरकली. काही नाही. दहबिया श्वास घ्यायची थांबली होती, मीही. नळी अजून जरा सरकली आणि बारीक, लांबून आल्यासारखी फूं... फूं...

"आहे. कमी आहे, पण आहे."

"बोट राहील?" मी विचारलं. दहबियाला विचारवत नव्हतं.

"आज कापायचं काही कारण मला दिसत नाही. पण मला नीट दिसतच नाही, हीच पंचाईत आहे." तिने साखरेच्या डॉक्टरला फोन करून औषधाचं विचारलं, पट्टी बांधली आणि अंगठ्याखाली पोकळ जागा असलेली जाड चप्पल दिली. दर आठवड्याला यायचं. घरातही अनवाणी चालायचं नाही. बूट घालण्याआधी दर वेळी आत हात फिरवायचा. रोज अंगठा दाबून रंग परत येतो का बघायचं. "आणि जखम भरेपर्यंत पायांना मेंदी नाही."

"नातीच्या लग्नात कोरे पाय?" दहबिया खुर्चीत ताठ झाली. "लोक काय म्हणतील? कोणाचं सुतक धरलंय मी?"

"लोकांना माझ्याकडे पाठवा," डॉक्टर म्हणाली.

त्यानंतरच्या दिवसांत आम्हा दोघींना चैन नव्हतं. चहा ठेवला की तिची हाक, "नजीहा, ये, दाब." मी जाऊन अंगठा दाबायची. मेंदीखालचं काही समजायचं नाही. मेंदी उतरू लागली तीही ठिगळाठिगळांनी. कोऱ्या पायांपेक्षा ते वाईट दिसे. दोनदा मी तिला वाटीत मेंदी कालवताना पकडलं.

"हातांसाठी," ती म्हणायची.

"हातांना एवढी लागते?"

"माझे हात मोठे आहेत."

सुंदुसच्या मेंदीच्या रात्री अंगण बायकांनी भरलं. डफ वाजत होता. नवरीचे हातपाय रंगवून झाले आणि वाटी थोरल्यांकडे फिरली. दहबिया उशांवर बसली होती, चप्पल झग्याखाली लपवून. वाटी तिच्यापुढे आली. तिने तळहातांवर मेंदी लावली. मग सवयीने तिचा हात खाली गेला, झगा वर सरकला, आणि नवऱ्यामुलाची आत्या वाकून बघत म्हणाली,

"अगंबाई, दहबिया! पाय असे कसे? कोण गेलं गं?"

डफवालीचा हात थांबला. दहबियाची बोटं मेंदीने भरलेली, पावलापासून वीतभर. मी समोरच्या बाजूला होते, मध्ये नवरी. उठताही येईना.

"गेलं नाही अजून कोणी," दहबिया म्हणाली. "एक अंगठा निघाला होता. त्याला धरून बसलेय."

बायका हसल्या, आत्याही हसली, डफ पुन्हा सुरू झाला. तिने वाटी पुढे सरकवली आणि मला खुणेने बोलावलं. मी गेले तर तिने सगळ्यांदेखत चप्पल काढून पाय माझ्या मांडीवर ठेवला, तळवा माझ्या तोंडाकडे.

"दाब."

अंगठ्यावरची मेंदी आता बरीच उतरली होती. मी दाबला. कातडी पांढरी झाली. सोडला. थोडा वेळ पांढरीच राहिली. मग कडेने हळूहळू लाली आली, तिची स्वतःची.

"आला रंग?"

"आला."

"नीट बघ. दिवा मंद आहे इथला."

"बघितलं गं. आला."

"परत दाब."