चाळीस ओमची शेगडी

उमसुनायनं बाजारात येऊन विजेचं सामान विकणाऱ्या सातीबाल्दीच्या फळीवर विजेची शेगडी आदळली, तसे त्याच्या डब्यातले स्क्रू नाचले.

"ठग्या! बाराशे वॅटची म्हणून गळ्यात मारलीस न्हवं? दोन कोकरं काकडून मेली माझी. नुसती तांबूस होऊन बसतीया, लाजल्यावानी!"

"एजे, माझा माल खरा हाय. तुमची जीभच वाईट." सातीबाल्दीनं रागातही मानाचं 'एजे', म्हणजे ताई, सोडलं नाही.

उमसुनाय साठीची. नवरा गेलेला, पदरी बत्तीस मेंढ्या, ऐन विण्याच्या दिवसांत, आणि डोंगराळ नारिन भागातली मार्चची थंडी अशी, की थुंकी खाली पडेस्तोवर गोठावी. तिनं वीस वर्षं सामुदायिक शेतीच्या पंपावर मोटारी सांभाळलेल्या. गाव ते विसरलं होतं, ती नव्हती.

"लाव तुझं मीटर," ती म्हणाली.

त्यानं शेगडी जोडली. दाब दोनशे वीस व्होल्ट. तारेला मीटरचा चिमटा लावला, प्रवाह साडेपाच अँपिअर. उमसुनायनं खडूनं त्याच्याच फळीवर भागाकार मांडला. अडथळा चाळीस ओम. मग गुणाकार. बाराशे दहा वॅट. शेगडी लालभडक.

"आता?" सातीबाल्दीनं छाती फुगवली.

"आता चल माझ्या मेंढवाड्यात."

मेंढवाड्यात दाब भरला एकशे साठ. प्रवाह चार.

"एकशे साठाला चारानं भागलं की चाळीसच," उमसुनाय पुटपुटली. "अडथळा तोच. म्हंजी शेगडीत खोट न्हाई. पर वॅट बघ, सहाशे चाळीस."

"निम्मीच की!"

"दाब पाऊण, म्हणून प्रवाहबी पाऊण. पाऊणाचं पाऊण केलं की निम्म्यावर येतंय, गाढवा."

"शेगडी चांगली निघाली, तरी मी गाढवच?"

"ठग म्हटलं ते मागं घेते. गाढव राहू दे."

दोघं बाहेर आली. मग माझे साठ व्होल्ट खातंय कोण? उमसुनायनं खांबांच्या रांगेवरून नजर फिरवली. त्याच तारेवरच्या गावप्रमुख कुबानीचच्या न्हाणीघराच्या झरोक्यातून वाफेचे लोट निघत होते, आणि धुराडं कोरडं. लाकडाशिवाय वाफ! तालुक्याचे पाहुणे आलेले, त्यांच्यासाठी वाफेची दगडं विजेवर तापत होती.

तिनं तीन अर्धमेली कोकरं गोधडीच्या कोटात घातली आणि थेट न्हाणीघराचं दार ढकललं. आत पाच ढेरपोटे पुरुष टॉवेलवर.

"एजे!" कुबानीच किंचाळला. "पाव्हण्यांसमोर माझी अब्रू..."

"अब्रूला टॉवेल हाय न्हवं? माझी वीज हितं तापतीया, मग कोकरंबी हितंच तापतील." तिनं एक कोकरू त्याच्या मांडीवर ठेवलं. दुसरं पाहुण्याच्या, तिसरं बाकावर. पाहुणा खो खो हसत सुटला. ते बघून कुबानीचनं हात लांबवून दगडांच्या विजेचा खटका पाडला.

पलीकडं मेंढवाड्यातून मीटर बघत सातीबाल्दी ओरडला, "दोनशे अकरा!"

"झालं, एजे. आता न्या ही कोकरं," कुबानीच म्हणाला.

"मेंढवाडा उबदार होईस्तोवर धर. दगडं हायेत की गरम."

तेवढ्यात मांडीवरच्या कोकरानं मान उचलली, चाचपडत प्रमुखाचा अंगठा तोंडात घेतला आणि चुटूचुटू चोखायला लागलं. कुबानीचनं पाहुण्यांकडं बघितलं, छताकडं बघितलं. अंगठा मात्र काढला नाही.