दोन दिवसांचं वेळापत्रक

"डावीकडे वळा!" अशी शिट्टी झाली तेव्हा मैदानातल्या व्यायामवर्गाची तीस माणसं डावीकडे वळली आणि वेळापत्रककाका उजवीकडे. त्यामुळे शनिवारी सकाळी सहा चाळीसला ते एका जाड्या गृहस्थांच्या नाकाला नाक लावून उभे होते. ओळख करून घ्यावी की माफी मागावी, हे ठरत नव्हतं.

"काका, नवीन का?" शिट्टीवाल्या मास्तरांनी विचारलं.

काकांनी कडेला बाकावर बसलेल्या लेकीकडे पाहिलं आणि तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "मास्तर रोज मला विसरतात. वय झालंय त्यांचं."

मास्तर अठ्ठावीस वर्षांचे होते.

काकांनी बस डेपोत पस्तीस वर्षं गाड्यांची वेळापत्रकं बनवली होती, म्हणून हे नाव. बायकोला जाऊन आठ महिने झाले होते. मागच्या महिन्यात दुकानाच्या रांगेत त्यांना चक्कर आली, शेजाऱ्यांनी लेकीला कळवलं आणि लेकीनं फोनवरच निकाल दिला, "शनिवार-रविवार येते. नीट चाललेलं दिसलं तर ठीक. नाहीतर माझ्याकडे राहायचं. कायमचं."

लेकीचं घर चांगलं होतं, जावई चांगला होता, काकांसाठी खोलीसुद्धा काढून ठेवली होती. त्या घरात खोट एवढीच, की ते काकांचं नव्हतं. मग काकांना जे येत होतं ते त्यांनी केलं. दोन दिवसांचं वेळापत्रक आखलं. व्यायाम, सकस जेवण, प्रार्थना. मध्ये एक मिनिटही मोकळं ठेवलं नाही, कारण मोकळ्या वेळातच माणूस पकडला जातो.

मैदानावरून परतताना जिन्यात काका प्रत्येक पायरीवर थांबले आणि दम लागल्याचं कळू नये म्हणून लेकीला इमारतीची माहिती देत राहिले. सातव्या पायरीला माहिती संपली. पुढच्या पाच पायऱ्या ते इमारतीच्या भविष्याबद्दल बोलले.

दुपारी ताटात भात, रस्सा, दोन भाज्या आणि वर काहीतरी गोड.

"स्वयंपाक कधी केलात, बाबा?"

"पहाटे."

"पहाटे आपण मैदानात होतो."

"त्याच्या आधीच्या पहाटे."

जेवण झाल्यावर लेकीनं पातेलं घासायला उलटं केलं. बुडावर लाल रंगात लिहिलं होतं, 'डेपो कँटीन'.

"हे काय?"

"निवृत्तीला दिलं."

"पातेलं?"

"घड्याळ काय गं, सगळ्यांनाच देतात."

तिनं फ्रिज उघडला आणि बराच वेळ आत बघत राहिली. बघण्यासारखं आत अर्धं लिंबू होतं. संध्याकाळी ती गॅलरीत जाऊन फोनवर नवऱ्याशी हळू आवाजात बोलली. "हो. पडदे लावून घे त्या खोलीला. जाड लाव, त्यांना उजेडात झोप येत नाही." काका आत वर्तमानपत्र वाचत होते. वर्तमानपत्र उलटं होतं, पण ते सरळ करायचं त्यांना सुचलं नाही.

उरली रविवारची प्रार्थना. प्रार्थनाघर गल्लीच्या टोकाला होतं. बायको तिथे तीस वर्षं रोज संध्याकाळी गेली, आणि काका बाहेर पायरीवर बसून, "आत गर्दी नसेल तर माझाही नमस्कार सांग," असं म्हणत राहिले. लेकीला हे तोंडपाठ होतं. म्हणून काकांनी मुद्दाम सकाळची वेळ धरली होती. संध्याकाळची माणसं सकाळी नसतात, असा त्यांचा हिशेब.

दारातच झाडू मारणाऱ्या बाई उभ्या राहिल्या. "अहो, काल संध्याकाळी होतात कुठे? तुमच्यासाठी दिवा पाच मिनिटं थांबवला! आज दिसला नसतात, तर आम्ही सगळे घरी येऊन दार ठोठावणार होतो."

आतून एक म्हातारा ओरडला, "आले का? सरका रे, काकांना जागा द्या!"

काकांनी लेकीकडे बघायचं टाळलं. चोरी पकडली गेल्यासारखे त्यांचे कान लाल झाले होते.

"बाबा, तुम्ही रोज येता इथे?"

"पंखा चांगला आहे."

"आईची तर इतकी टर उडवायचात."

"आता ती ऐकायला नाही. उगाच कशाला उडवायची?"

"मग मागता काय देवाकडे?"

"काही नाही गं." काका म्हणाले, "आत शिरलं की कुणीतरी 'आलात का' म्हणतं. दिवसभरात तेवढंच."

लेकीनं त्यांची कॉलर नीट केली. ती आधीच नीट होती. मग ती झाडूवाल्या बाईंकडे गेली, त्यांचा नंबर घेतला, आपला दिला. "एक दिवस जरी दिसले नाहीत, तर आधी मला फोन." बाहेर आल्यावर फोनवर नवऱ्याला म्हणाली, "पडदे राहू दे." आणि काकांना, "कँटीनवाल्यांना सांगा, दोन्ही वेळचा डबा लावायचा. खोटं बोलाल तर बाईंकडून कळेल मला."

"हेर ठेवलेस बापावर."

"ठेवले."

संध्याकाळी स्टॉपवर तिनं बॅगेतून पाण्याची बाटली काढली, तेव्हा तळाशी घडी घातलेली दुसरी, मोठी, कोरी बॅग दिसली.

"ही कशाला?"

"तुमच्या कपड्यांसाठी आणली होती."

काका "बरं" म्हणाले. तिनं आणखी एकदा चला म्हटलं असतं, तर ते गेलेही असते. पण ती शब्दाची पक्की, आईसारखी. गाडी आली, लेक चढली, खिडकीतून हात हलवत गेली. काकांनीही हात वर केला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, तरी तो खाली घ्यायचा राहून गेला.

मागून येणारी दुसरी गाडी तो हात बघून करकचून थांबली. दार उघडलं. नवा, तरुण ड्रायव्हर वाकून म्हणाला, "कुठे जायचंय, काका?"

काकांनी आपल्या हाताकडे पाहिलं.

"कुठे नाही बाबा," ते म्हणाले. "मी इथलाच."