जाईच्या कपाळावरचा लेप

मित्रांनो, मी सानपाडा गावातली एक जुनी सहाण आहे. उरणच्या एका पाथरवटाने मला घडवलं आणि केशरबाईंनी बाजारात घासाघीस करून मला घरी आणलं. देवाचं गंध उगाळायचं, एवढंच माझं काम. पुढे त्यांची सून जाई पाळणा लांबवायच्या गोळ्या घेऊ लागली आणि माझी उसंतच गेली.

जाईचं डोकं सारखं दुखू लागलं. सुंठ उगाळून उगाळून माझ्या पोटात खळगा पडला. "माज्या सहानेचा गुन बगा, लगेच उतार पडतो," असं केशरबाई शेजारणींना सांगत. मला ते कौतुक नकोसं झालं होतं. आठवडा उलटायच्या आत पुन्हा सुंठ, पुन्हा पाणी.

दर महिन्याला वैजयंती नर्सबाई गोळ्या द्यायला येत. त्या गल्लीत दिसल्या की जाई घाईघाईने कपाळ धुऊन कुंकू लावी. लेप पाहून बाई गावंढळ म्हणतील, ही तिची लाज. त्यामुळे बाईंना डोकेदुखीचा पत्ताच नव्हता.

एकदा मात्र तिला उठवेचना. लेप तसाच राहिला आणि नर्सबाई दारात.

"हे काय गं? कधीपासून दुखतंय?"

"गोल्या घेते तवापासून. आदी डोल्यांपुडं नागमोडी चमचम व्हते, अर्धं दिसतच नाय. हाताला मुंग्या येतात. मंग ठनका."

नर्सबाईंचा चेहरा उतरला. "गोळी आजपासून बंद! अशा डोकेदुखीत ती घेतली, तर मेंदूत गुठळी होऊन अर्धं अंग लुळं पडायचा धोका वाढतो. चल डॉक्टरीणबाईंकडे."

"मंग सगल्याच बायांना..." केशरबाई घाबरल्या.

"नाही हो. पुष्कळ जणींना ती छान चालते. हिला चालणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी पाळणा लांबवायला गोळ्यांऐवजी जाईला तांबी बसवली. तांबीत गोळीतलं औषध नसतं. तिचं डोकं अजून कधीमधी दुखतं, पण पूर्वीसारखं नाही. मी आता कोपऱ्यात पडून असते.

मित्रांनो, वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी फार थकले आहे, मला नका जपू. आईने कपाळाला लेप लावला, की तिच्याजवळ बसा. दुखण्याआधी तिला काय होतं, ते विचारा. जाई अंधारल्या डोळ्यांनी भिंत चाचपायची, ते त्या घरात मी एकटीनेच पाहिलं होतं. आणि मी पडले दगड.