त्रेसष्टावी चिठ्ठी

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे, मित्रांनो. पेटी म्हटल्यावर तुम्हाला सुरांची पेटी आठवली असेल. ती भाग्यवान! भाता हलवला की तिच्या पोटातले सगळे बाहेर येते. मला देवाने तोंड दिले, पण आवाज दिला नाही.

एका पत्रेवाल्याने मला ठोकून घडवले. कितीतरी वर्षे मी उद्यान कचेरीत लोकांच्या तक्रारी पोटात घालत होते. मग मला हिरवा रंग चढला आणि मी सार्वजनिक बागेच्या फाटकावर आले. बागेच्या एका कोपऱ्यात नुसते गवत माजले होते. तिथे वस्तीने मिळून वाफे करावेत, भाज्या-फुले लावावीत, असा बेत होता. लोकांचे म्हणणे कळावे म्हणून माझी नेमणूक झाली. रंगाऱ्याला माझ्यावर 'हरकती व सूचना' लिहायचे होते. त्याने अक्षरे इतकी ऐसपैस काढली, की 'हरकती' लिहूनच माझा पत्रा संपला.

"राहू द्या," कचेरीतले साहेब म्हणाले, "लोकांना कळतं."

बेत होता सिस्टर मावशींचा. दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना घर खायला उठायचे. "वाफे झाले की रोज चार माणसं भेटतील हो," म्हणत त्या दारोदार फिरल्या. एकेकाला हाताला धरून माझ्यापाशी आणू लागल्या.

"मावशी, मला नाही लिहायला जमत," शिंपीकाका कुरकुरले.

"अहो, जन्मभर मापं लिहिलीत ना? दोन शब्द लिहा. 'हरकत नाही.' संपलं!"

"टोमॅटो लावायचेत, तेही लिहू?"

"लिहा की! पिकला की पहिला मला."

अशा त्रेसष्ट चिठ्ठ्या पडल्या. प्रत्येकीवर तेच दोन शब्द. इतके गोड ओझे मी कधी वाहिले नव्हते.

मुदत संपली. शिपायाने कुलूप काढले, मला उपडे केले आणि घड्या न उलगडताच चिठ्ठ्या मोजल्या. एक माझ्या सांध्यात अडकून राहिली, ती त्याला दिसली नाही.

"साहेब, बासष्ट हरकती."

"बापरे! एवढा विरोध? मग राहू दे तो बेत."

दुसऱ्या दिवशी फाटकावर कागद लागला : बासष्ट हरकती आल्याने प्रस्ताव रद्द. मावशींनी तो दोनदा वाचला. माझ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या.

"तोंडावर गोड बोलले सगळे. पोटात एक, ओठात एक."

नाही हो मावशी! ते पोट माझे होते. मला विचारा ना!

पण मी मुकी. वस्तीत ज्याला त्याला वाटले, दुसऱ्यांनीच घात केला. शिंपीकाकांनी हाक मारली, "मावशी, काही चुकलं का?" "तुमचं तुम्हाला ठाऊक," म्हणून त्या निघून गेल्या.

आता मी माळ्याच्या खोलीत, मोडक्या झाऱ्यांच्या शेजारी पडून आहे. दारातून तो कोपरा दिसतो. गवत गुडघ्याला लागले आहे. संध्याकाळी मावशी बाकावर एकट्याच बसतात, वस्तीकडे पाठ करून.

मित्रांनो, माणसेही माझ्यासारखीच असतात. वर एक लिहिलेले, आत निराळेच. मोजण्याआधी घडी उलगडा, रागावण्याआधी एकदा विचारा. आणि कधी या खोलीत आलात, तर माझ्या सांध्यात बोट घाला. गंजाने कड तांबूस झाली आहे, पण अक्षर अजून लागते :

'हरकत नाही. टोमॅटो लावणार. पहिला मावशींना.'